बरोबरीच्या वजनाचा माणूस

आमच्या नावेत कोणी कुठं बसायचं हे वय ठरवत नाही, हुद्दा ठरवत नाही, नवरा-बायकोचं नातंही ठरवत नाही. वजन ठरवतं. आणि वजन किती, हे अक्का ठरवते.

नाव अक्काची. या तमिळ शहरातली अड्यार नदी जिथं विमानतळाच्या मागून वळसा घेते, तिथं या काठापासून त्या काठापर्यंत एक जाडजूड दोर बांधलेला आहे. अक्का नावेच्या टोकाशी उभी राहते आणि तो दोर हातांनी मागं ओढत ओढत आम्हाला पलीकडे नेते. वल्हं नाही, इंजिन नाही. नदीही तशी नावापुरतीच. शहराने जे जे नको म्हणून टाकून दिलं ते सगळं काळ्या पाण्यातून सावकाश समुद्राकडे निघालेलं असतं, वर जलपर्णीची हिरवी गोधडी, आणि वास असा की नवा माणूस पहिल्या दिवशी रुमाल काढतो, आठवड्याने डबा काढतो. डोक्यावरून विमानं इतकी खाली जातात की पोटाखालची चाकं स्पष्ट दिसतात. पुलावरून जायचं तर दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. म्हणून आम्ही पलीकडच्या स्वस्त फ्लॅटांत राहणारे लोक रोज सकाळी या नावेला शरण जातो.

नावेत आडव्या फळ्या आहेत. एका फळीवर दोघं, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. आणि दोघं सारख्या वजनाची हवीत, नाहीतर नाव कलते, दोर कचकन् एका अंगाला ओढला जातो आणि अक्काचे तळवे सोलवटतात. त्यामुळे उतारावरून माणूस खाली येऊ लागला की अक्का त्याला बाजारात सुरमई पाहावी तशी शेपटीपासून डोक्यापर्यंत बघते आणि हात करते: तू इकडं, तू तिकडं. "समम्, समम्!" म्हणजे सारखं, बरोबरीचं. कॉलेजच्या पोरींना लॅपटॉपसकट मोजते. एकदा एकाने गॅसचा सिलिंडर आणला, तर त्याला माझ्यासमोर बसवून सिलिंडर त्याच्या मांडीवर दिला होता.

कारण मी भारदस्त माणूस आहे. हे विशेषण माझं; अक्काचा शब्द वेगळा आहे, तो इथं लिहिण्यासारखा नाही. कित्येक दिवस मला जोडच नव्हता. समोर कधी फुलवाली आणि तिची टोपली, कधी दोन शाळकरी पोरं एकमेकांच्या मांडीवर. लग्नाच्या बाजारात मुलगी खोळंबते तसा मी काठावर खोळंबून राहायचो आणि सगळी नाव भरली की अक्का हताशपणे मला बोलवायची.

आणि एका सकाळी उतारावरून अण्णा आले. मी त्यांना अण्णा नंतर म्हणू लागलो. त्या दिवशी ते फक्त एक विशाल पांढरा शर्ट होते. अक्काने त्यांना पाहिलं, मला पाहिलं, आणि दोर सोडून चक्क टाळी वाजवली. "जोडी!" सगळी नाव हसली. मी उठून नवरदेवासारखा नमस्कार केला. फळीच्या डाव्या टोकाला ते, उजव्या टोकाला मी. नाव अशी सरळ गेली, जशी इस्त्री केलेल्या चादरीवरून बोट फिरावं.

नदीच्या मध्यावर मला बायकोचा फोन आला. ती नागपूरला बँकेत, मी इथं केंद्र सरकारच्या एका कचेरीत. आमचा संसार म्हणजे सकाळचा एक फोन आणि सणासुदीची विमानाची तिकिटं. बोलणं संपलं तसे अण्णा म्हणाले,

"मराठी बोलतां तुम्ही. हें कुठलें मराठी?"

माझ्या मराठीला 'हें कुठलें' असं विचारणारा मला जन्मात कोणी भेटला नव्हता. ते तंजावूरकडचे निघाले. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडं आले आणि येताना आणलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी बरणीत जपून ठेवली. वरून तमिळचं तेल. ते 'नको' म्हणत नाहीत, 'नक्को' म्हणतात. 'मला' म्हणत नाहीत, 'मज' म्हणतात, आणि वाक्याच्या शेवटी आवाज असा वर नेतात की प्रत्येक वाक्य प्रश्नच वाटावं. बदली होऊन ते आमच्याच कचेरीत आले होते आणि माझ्याच इमारतीत राहायला लागले होते. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी त्यांना कॅन्टीनमध्ये दोनदा कॉफी पाजली.

त्यांच्यासोबत वहिनी असायच्या. चणीने बारीक, पाठ ताठ. कचेरीशेजारच्या शाळेत संगीत शिकवायच्या. नवऱ्याशेजारी बसायला त्यांना कधीच मिळालं नाही. अक्काने त्यांना आमच्या मागच्या फळीवर, एका तशाच बारीक नर्सच्या जोडीला बसवलं होतं. तिथं बसून त्या गुणगुणायच्या. मांडीवर बोटांनी ताल धरायच्या. डोक्यावरून विमान आलं की थांबायच्या, आणि ते गेलं की नेमका तोच सूर पुन्हा उचलायच्या, जणू विमानाने तो त्यांच्यासाठी धरून ठेवला होता.

आता ऐका, इथून पुढं हसण्याजोगं बरंच आहे, पण हसणं कठीण आहे.

दसऱ्यानंतरची गोष्ट. वहिनींना शाळेत काही काम होतं, त्या मागं राहिल्या. संध्याकाळी आम्ही दोघं काठावर अक्काची वाट पाहत होतो. नाव पलीकडे होती. अण्णा म्हणाले, "राव, एक सांगतों. कोण्हास सांगूं नक्का."

त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. चांगली नव्हती. डॉक्टरांनी लगेच कापायला सांगितलं होतं.

"लगेच म्हणजे कधी?" मी विचारलं.

"ते म्हणाले उद्यां. मी म्हणालों, मार्गळी होऊं द्या."

मार्गळी म्हणजे इथला गाण्याचा महिना. डिसेंबर-जानेवारीत मैलापूरच्या सभागृहांत सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालतं. वहिनी तिशीपासून अर्ज करत होत्या. प्रत्येक वर्षी नकार, नाहीतर नकारही नाही. त्यांनी शिकवलेल्या दोन विद्यार्थिनी मंचावर गेल्या, वहिनी खालीच राहिल्या. आणि या वर्षी, पंचावन्नाव्या वर्षी, एका छोट्या सभेने, म्हणजे गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थेने, त्यांना दुपारची वेळ दिली होती. फुकट प्रवेशाची, जेवणानंतरची, अर्धे श्रोते झोपलेले असण्याची वेळ. पण मंच तो मंच.

"तिला कळलं तर ती गाणार नाही," अण्णा म्हणाले. "त्याच दिवशीं सभेला फोन करील. मी ओळखतों ना तिला."

"मग पुढच्या वर्षी गातील की, अण्णा!"

"डॉक्टरही हेंच म्हणाले. मार्गळी दर वर्षीं येते म्हणाले." ते पाण्याकडे बघत होते. "येते. तिची येत नाहीं."

मी बरंच बोललो. नाटकी माणूस आहे मी, हात जोडले, रागावलो, डॉक्टरला शिव्या दिल्या, त्यांना शिव्या दिल्या. तेवढ्यात दोर हलू लागला, नाव जवळ आली, अक्का ओरडली, "जोडी, चला!" आणि आम्ही जाऊन आपापल्या टोकाला बसलो. मी शब्द दिला होता की नाही हे मला आठवत नाही. पण इथं मी कोणाला सांगितलं नाही.

दिवाळी झाली आणि नाव कलू लागली.

आधी थोडी. अक्काने दोर सोडून मागं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एका सकाळी भरल्या नावेत तिने माझ्याकडे बोट केलं. इकडं 'सर'चं 'सार' होतं.

"सार! घरात रात्री काय खाता? एकट्याने बैल खाता का?"

कारण कललेली बाजू माझी होती. उजवी. फळीच्या दोन टोकांपैकी एक खाली गेलं, तर कोणीही म्हणेल की तिथला माणूस जड झाला. दुसऱ्या टोकाचा हलका झाला असेल हे कोणाच्या मनात येणार? तेही दिवाळीनंतर, घराघरांत लाडू-मुरुक्कूचे डबे उघडे असताना! अण्णांचे शर्ट सैल होत होते, पण त्यांचे शर्ट कायमच सैल असायचे. त्यांच्या आकाराला कापडाचा अंदाज कधी आलाच नव्हता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि मी उभा राहिलो.

"खरं आहे अक्का!" मी तमिळमध्ये जाहीर केलं. माझी तमिळ म्हणजे स्वतंत्र करमणूक आहे. "बायको नागपूरला, पोट माझ्याजवळ. कोण अडवणार?"

नाव हसून डुगडुगली. कॉलेजच्या पोरी मला चिडवायला लागल्या. मी रोज खिशात एक वडा आणून नदीच्या मध्यावर सगळ्यांना दाखवून खाऊ लागलो. फुलवालीने पैज लावली की पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, मी नाव बुडवणार. आणि घरी मी रात्रीचं जेवण सोडलं! होय, पातळ ताक पिऊन झोपायचो. कारण जितके अण्णा उतरणार तितकं मला उतरायला हवं होतं, नाहीतर कधीतरी अक्का त्यांच्याकडे नीट बघणार होती. पण पन्नाशीच्या माणसाचं शरीर म्हणजे सरकारी कचेरी. आत आलेली गोष्ट बाहेर जायला अर्ज करावा लागतो. अण्णा मात्र भराभर उतरत होते. तेव्हा आम्ही दुसरा उपाय काढला. ते आपल्या पिशवीत भाजीवाल्याची लोखंडी वजनं घालून येऊ लागले. आधी एक, मग दोन. डब्याच्या खाली, छत्रीच्या शेजारी. पिशवी मांडीवर घेऊन बसायचे, पण उतारावरून ती उचलताना त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा. मी म्हणायचो, द्या इकडे. ते म्हणायचे, "तुम्ही उचललीत तर लोक बघतील. एवढा जाड माणूस दुसऱ्याची पिशवी कशास उचलतो?"

हसायचे. खरंच हसायचे हो. त्यांना हा सगळा खेळ आवडला होता. शाळेत चोरून चिंचा खाणाऱ्या मुलासारखे त्यांचे डोळे चमकायचे. आणि मागच्या फळीवर गुणगुणणं चालू असायचं.

ते गुणगुणणं एका सकाळी थांबलं.

"भाऊजी," वहिनी मागून म्हणाल्या. मराठीत, म्हणजे नावेत ते फक्त आम्हा तिघांना कळणार. "तुमचे पाय सुजतात का?"

"नाही हो वहिनी."

"दाखवा."

मी पँट वर केली. माझे पाय, सांगतो, जन्मापासून सुजल्यासारखेच आहेत. वहिनींनी मान हलवली. त्यांच्या वडलांना हृदयाचं दुखणं होतं, अंगात पाणी भरायचं, शेवटच्या महिन्यांत ते असेच जड होत गेले होते. माणूस खाऊन इतक्या लवकर जड होत नाही, पाण्याने होतो, असं त्यांचं ठाम मत पडलं. नाव कलते आहे हे त्यांनीही पाहिलं होतं. त्यांनी फक्त माझ्याबद्दल वाईट वाटून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून काढा सुरू झाला. स्टीलच्या छोट्या थर्मासमध्ये. सराटे, जिरं, आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव मी विचारलं नाही कारण चव कळल्यावर नावात रस उरला नाही. रोज सकाळी, नाव काठ सोडायच्या आत, वहिनींच्या देखत. मी नाक धरून प्यायचो आणि समोर अण्णा, ज्यांना खरं तर औषधाची गरज होती, पोट धरून हसायचे. पोट ते हसू आवरेना म्हणून धरतात असं सगळ्यांना वाटायचं. मलाही काही दिवस वाटलं.

वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी नागपूरला फोन केला. माझ्या बायकोने मला फैलावर घेतलं. "तुला काय झालंय? मला परक्या बाईकडून कळतंय?" तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू असतास त्यांच्या जागी, आणि मला सांगितलं नसतंस, तर मी तुला आयुष्यभर माफ केलं नसतं." आयुष्यभर म्हणजे कोणाच्या, असा विनोद माझ्या ओठांवर आला होता. गिळला. काढ्याची सवय कामी आली.

एकदा काठावर उतरताना वहिनी मला म्हणाल्या, "दुखणं लपवूं नये, भाऊजी. लपवणाऱ्याचं काहीं जात नाही. घरचीं माणसं मागाहून हिशेब करत बसतात, कुठल्या दिवशीं कळलं असतं तर काय झालं असतं." अण्णा पुढे चालत होते. त्यांनी ऐकलं. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चालत राहिले.

मग पाऊस लागला. इकडचा पाऊस उलटा, आपल्याकडे थंडी पडायला लागते तेव्हा समुद्रावरून येतो आणि दिवसेंदिवस आभाळ खाली करून ठेवतो. नदी फुगली. जलपर्णीची बेटंच्या बेटं दोराला येऊन अडकू लागली, अक्का एका हाताने दोर ओढायची आणि दुसऱ्या हाताने कोयत्याने ती तोडायची. काही दिवस नाव बंदच राहिली. आम्ही बसने वळसा घालून गेलो आणि त्या गर्दीत उभे राहताना अण्णांना घाम फुटलेला मी पाहिला. नाव परत सुरू झाली तेव्हा ते फळीवर असे बसले, जणू घरी पोहोचले.

पावसाच्या त्या भुरभुरीत मी त्यांच्याकडे सरकून हळूच म्हणालो, "अण्णा, बस झालं. मी सांगणार आहे."

"सांगा," ते म्हणाले. "आत्तां सांगा. मागं बसलीय. ऐका काय चाललंय तिचं."

वहिनी एक ओळ घोळवत होत्या. शेवटी एक मराठी अभंग गायचा त्यांनी ठरवलं होतं, त्याची. एका जागेवर त्यांना काहीतरी पसंत पडत नव्हतं. तिथं येऊन त्या थांबायच्या, परत मागं जायच्या, परत यायच्या. डोक्यावरून ताडपत्री गळत होती, शेजारची नर्स छत्री सावरत होती, आणि पंचावन्न वर्षांची ती बाई शाळेत पहिला नंबर येणार असलेल्या मुलीसारखी ओल्या नावेत बसली होती.

मी परत माझ्या टोकाला सरकलो. अक्का ओरडली, "सार, हलू नका, समम्!"

मार्गळी आली आणि वहिनींचं गाणं झालं. सभेच्या कॅन्टीनमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. रवा डोशासाठी माणसं माणसांच्या खुर्चीमागे उभी होती. सभागृहात पंखे होते. पहिल्या रांगेत अण्णा, मी, आणि मधे एक रिकामी खुर्ची, तिच्यावर पिशवी. मागं काही म्हातारी मंडळी, काही शाळेच्या मुली. नर्स आली होती, रात्रपाळी करून, डोळे लाल. आणि दाराशी, आत यावं की नाही अशी, जरीची साडी नेसून अक्का.

मला कर्नाटक संगीतातलं काही कळत नाही. इतकंच सांगतो की झोपलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण जागा झाला, पुढं येऊन बसला आणि मांडीवर ताल धरू लागला. वहिनींनी तो अभंग घेतला तेव्हा नावेत अडायच्या त्या जागेपाशी त्या आल्या, आणि थांबल्याच नाहीत, सरळ पुढे गेल्या. अण्णांनी पिशवीवरून हात लांबवून माझा गुडघा दाबला. हाताला जोर नव्हता.

त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. आणि कुठं सांगितलं? नावेत! घरी सांगितलं तर ती उठून दुसऱ्या खोलीत जाईल, म्हणाले. नदीच्या मधोमध कुठं जाईल? मागं वळून, मराठीत, हळू आवाजात ते बोलू लागले. आमच्या चहूबाजूंना तमिळमध्ये क्रिकेट चालू होतं, कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं चालू होतं, फुलवाली शेवंतीचा भाव सांगत होती. कोणाला काही कळलं नाही. मी समोर बसून सगळं ऐकत होतो. कान बंद करायची सोय देवाने ठेवलेली नाही.

वहिनींनी पूर्ण ऐकलं. मग पहिलं वाक्य मला म्हणाल्या.

"भाऊजी, तुम्हांस माहीत होतं?"

"हो."

"आणि माझा काढा प्यालात."

"प्यालो."

"रोज."

"रोज, वहिनी."

विमान आलं. ते जाईपर्यंत त्या थांबल्या, आणि मग नवऱ्याकडे वळल्या. "मज विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर गायली नसतीस."

"नसतें गायलें. माझं गाणं होतं ना? मीच ठरवलं असतं." आवाज चढला नाही. "आतां त्या गाण्याचं मी काय करूं? तोंड उघडलं कीं मज दिवस दिसतील. हा दिवस गेला, तो दिवस गेला. तुम्ही मज गाणं दिलं नाही. होतं तेंही नेलं."

अक्काने दोर ओढणं थांबवलं होतं. शब्द कळले नसतील, पण तिने मागं वळून आमच्या फळीकडे पाहिलं, आणि या वेळी माझ्याकडे नाही, अण्णांकडे. शेपटीपासून डोक्यापर्यंत. मग परत दोर ओढू लागली.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी काढता आलं तेवढं काढलं, आणि राहिलं त्यासाठी औषधं सुरू केली. आधी झाली असती तर काय, हे वहिनींनी विचारलं. डॉक्टर सज्जन, त्यांनी छताकडे पाहिलं. पोंगल गेला, उन्हाळा आला. नदी आटली, वास वाढला. अण्णा रजेवर. वहिनींनी शाळा सोडली. आणि गाणं थांबलं. घरात नाही, देवापुढे नाही, स्वयंपाक करताना नाही. त्या सभेने स्वतःहून विचारलं, पुढच्या मार्गळीत याल का, तर त्यांनी विचार न करता नाही म्हटलं. माझ्याशी त्या बोलतात. जेवायला वाढतात. पण सगळं तमिळमध्ये. मराठीत मला त्या आता काहीच म्हणत नाहीत, आणि मला 'भाऊजी'ऐवजी 'सार' ऐकताना रोज थोडं खचायला होतं. मी पुष्कळ सोंगं केली. त्यांच्या घरात बसून मुद्दाम भयंकर तमिळ बोललो, अक्काची नक्कल केली, स्वतःच्या पोटावर मृदंग वाजवला. अण्णा हसले. त्या पाण्याचा तांब्या ठेवून आत गेल्या.

औषधासाठी अण्णांना ठरावीक दिवसांनी नदीपलीकडे न्यावं लागतं. टॅक्सीने वळसा घालून नेऊ म्हटलं तर ऐकत नाहीत. नावच हवी. गेल्या आठवड्यात मी रजा काढून सोबत गेलो होतो. परतताना भर दुपार, नावेत आम्ही तिघंच. अक्काने आम्हाला पाहिलं, आणि 'समम्' म्हणाली नाही. अण्णांना आणि वहिनींना एका फळीवर बसवलं, कारण आता त्यांचंच वजन सारखं होतं. मला नावेच्या अगदी मधोमध, तळाशी, पोत्यासारखं.

नदीच्या मध्यावर अण्णा गाऊ लागले.

त्यांच्याइतका बेसूर माणूस तंजावूरने दुसरा दिला नसेल. तोच अभंग. आवाज फाटलेला, दम पुरत नाही, ताल कुठल्या कुठं. आणि ते मुद्दाम आणखी बिघडवत होते, हे मला कळलं; डोळ्यांत तीच जुनी चमक. अडायच्या त्या जागेपाशी आले आणि तिथं त्यांनी असा काही प्रकार केला की दोर ओढणारी अक्काही खिक्कन् हसली.

वहिनी पाण्याकडे बघत होत्या. अण्णांनी परत सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तीच जागा, पुन्हा तोच सत्यानाश. परत. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. त्यांना धाप लागली होती, मधे खोकला आला, पण थांबेनात.

"चूक," वहिनी म्हणाल्या.

मराठीत.

अण्णा थांबले. "कुठं?"

वहिनींनी काठाकडे पाहिलं. काठ जवळ आला होता, बाभळीखाली कोणी बकऱ्या बांधल्या होत्या. अक्काने दोर हळू केला, इतका हळू की नाव जागच्या जागी उभी राहिल्यासारखी झाली.

"कुठं चुकलं, सांग ना," अण्णा म्हणाले.

"सूर खालीं जातो तुमचा. त्या जागीं वर जायचं असतं."

"कसं?"

वहिनींनी तोंड उघडलं. मग मिटलं. मांडीवर एक बोट वर झालं, खाली आलं, आणि तिथंच राहिलं.

"घरीं चला," त्या म्हणाल्या. "ऊन फार आहे."

अक्काने दोर ओढला. मी आधी उतरलो आणि अण्णांना हात दिला.